नांगराची जागा

"अडतीस, एकोणचाळीस," अण्णा मोजत होते.

वल्लरी दोन्ही हातांनी हँडल फिरवत होती. एकेका फेऱ्याला होडीच्या पोटात जाड दोरी करकरायची आणि बुडाखालचं लोखंडी पातं दोन बोटं आणखी खाली उतरायचं. ह्या पात्याला तिचे वडील, अण्णा, कील म्हणत. बेचाळीस फेऱ्यांत ते पुरं खाली जाई, बेचाळीस फेऱ्यांत पुरं वर येई. खाली असलं की होडी वाऱ्याला दाद न देता सरळ चालायची. वर घेतलं की तीच होडी गुडघाभर पाण्यात तरंगायची आणि पाणी पार ओसरलं तर चिखलावर निवांत बसून राहायची. ठाकुर्लीच्या रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर अण्णांनी अकरा वर्षं खपून ही होडी बांधली, ती ह्याच करामतीपायी. आपल्या खाडीला धक्के कमी आणि चिखल उदंड, तेव्हा होडी चिखलाला सोसणारी हवी, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. येणारेजाणारे माना डोलवत आणि पुढच्या वेळी दुसऱ्या रस्त्याने जात.

"बेचाळीस. खीळ घाल."

तिने खीळ घातली. ती नीट बसली का पाहायला अण्णांनी हात पुढे केला, तो थरथरतोय हे लक्षात येताच मागे घेऊन मांडीखाली दाबून धरला. दीड वर्षापासून त्यांचे दोन्ही हात असेच झाले होते. वल्लरीने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मागे इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवून दाजी बसले होते. दाजी बाळकुमचे कोळी, सत्तरीचे, अंगाने काटक. दोन वर्षांपूर्वी ते मोठागावला नातेवाइकांकडे गेले असताना पत्र्याच्या शेडखालची ही होडी त्यांना दिसली होती. तेव्हापासून महिना-दोन महिन्यांनी येऊन ते होडीभोवती एक फेरी मारत, तिच्या बुडावर हात फिरवत आणि चहा पिऊन जात. आज सकाळी त्यांनीच होडी मोठागावहून आणली होती. डोलकाठी आडवी पाडून, एकेका पुलाखालून.

रस्त्याच्या कामात मोठागावची शेड पाडणार होते. सोमवारी पुण्याचा शौनक नावाचा तरुण क्रेन आणि ट्रक घेऊन बाळकुमला येणार होता आणि होडी विकत घेऊन पवनेच्या धरणावर नेणार होता. हे सगळं वल्लरीनेच ठरवलं होतं. घोडबंदर रोडवरची तिची नोकरी, मुलीची दहावी, अण्णांचे हात. होडीला रोज बघणारं माणूस लागतं, ते कुठून आणायचं, हा तिचा प्रश्न होता. अण्णांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, की जाण्याआधी एक भरती आणि एक ओहोटी ती नांगरावर उभी राहिलेली मला बघू दे, आणि नांगर तू टाक. वाद घातला असता तर वल्लरीला सोपं गेलं असतं.

आज नारळी पौर्णिमेनंतरची अमावास्या होती. दुपारी साडेबाराला खाडी काठोकाठ भरली होती. बाळकुमच्या जुन्या बंदरासमोर आठ होड्या एका रांगेत, प्रवाहाला समांतर उभ्या होत्या आणि मधेच एक जागा दात पडल्यासारखी मोकळी होती. दाजींनी इंजिन मंद करून होडीचं तोंड तिकडे वळवलं.

"हितं," ते म्हणाले. "खाली नुसता गाळ हाय. दगूड नाय, खुंट नाय. माझा हात फिरलेला हाय."

वल्लरी पुढे जाऊन गुडघ्यांवर बसली. अण्णांनी रंगाचे पट्टे मारलेला बांबू तिने पाण्यात घातला. साडेतीन मीटर.

"अधिक होडीच्या तोंडाची उंची एक," अण्णा मागून म्हणाले. "साडेचार. गुणिले पाच. साडेबावीस मीटर दोर सोडायचा. नांगर फेकायचा नाही हं, सोडायचा. तळाला टेकला की होडी मागे जाऊ दे आणि मग दोर दे."

ती तसंच करत गेली. नांगर हातातून सुटला, दोर ओला होत खाली सरकला, एकदम सैल पडला. दाजींनी होडी मागे घेतली. दोरावर दर पाच मीटरला बांधलेले रंगीत धागे तिच्या बोटांखालून गेले. लाल, पिवळा, हिरवा, निळा. शेवटी तिने दोर खुंटीला गुंडाळला आणि दाजींनी इंजिनाला मागचा जोर दिला. दोर ताणला, थरथरला आणि ताठ राहिला. बांधकाम चालू असलेल्या टॉवरची क्रेन आणि त्याच्या अलीकडचा देवळावरचा झेंडा, ह्या दोन्ही गोष्टी एका रेषेत आहेत का, हे ती बघत राहिली. होत्या. म्हणजे होडी सरकत नव्हती.

"धरला," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता.

वीस मिनिटांनी पाणी फिरलं. होडीनेही मान फिरवली आणि साडेबावीस मीटर दोराच्या टोकाला ती मोकळ्या गुरासारखी ऐसपैस हिंडू लागली. क्रेन आणि झेंडा केव्हाच एकमेकांना सोडून गेले. शेजारच्या होडीची निळी बाजू हळूहळू मोठी होत जवळ येऊ लागली.

"बाय, ती गोपीनाथची हाय," दाजी शांतपणे म्हणाले. "कालच रंग दिलाय त्यानं."

"अण्णा, दोर कमी करू?"

"कमी केलास तर नांगर सुटेल. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, खोलीच्या पाचपट. जमलं तर सातपट."

"पुस्तकवाल्याच्या खाडीत शेजारी नसतील," दाजी म्हणाले.

अण्णांचे ओठ घट्ट मिटले. हा माणूस आयुष्यभर हिशेबाने चालला होता आणि हिशेब बरोबर असताना उत्तर चुकावं ह्याचा त्यांना खराच अपमान वाटायचा. वल्लरीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा दाजींकडे. दोघंही तिच्याकडे बघत होते. निळी होडी आता हातभर लांब होती.

तिने खाली बसून दोन्ही तळवे त्या निळ्या फळ्यांना टेकवले आणि अंगातला सगळा जोर लावून ढकललं. गोपीनाथचा रंग अजून ओलसर होता. तिच्या तळव्यांना लागला.

"बाकीच्या होड्या कशा उभ्या आहेत? दोन नांगरांवर ना?" तिने विचारलं. "एक पुढे, एक मागे?"

"हां."

"अण्णा, कप्प्यातला छोटा नांगर काढते मी."

अण्णांनी मान हलवली, हो अशी की नाही अशी हे तिने बघितलं नाही. दाजींनी इंजिनाच्या जोरावर होडी रांगेत आणून ठेवली. पुढचा सगळा दोर संपेपर्यंत प्रवाहाबरोबर मागे जायचं, तिथे मागच्या बाजूने छोटा नांगर सोडायचा आणि मग पुढचा दोर ओढत निम्म्यावर यायचं, हे तिला कुणी सांगितलं नाही. तिला ते आपोआप दिसलं, गणितातली पुढची पायरी दिसावी तसं. ओला दोर ओढताना तिचे तळवे सोलवटले. दोन्ही नांगरांच्या मधोमध होडी थांबली, तोंड खाडीच्या वरच्या अंगाला, पाठ खालच्या अंगाला, शेजाऱ्यांसारखीच सरळ.

"साडेबावीस मीटर दोर होता म्हणून एवढं मागे जाता आलं," ती अण्णांना म्हणाली. हे खरंही होतं.

"मी कुठे काय म्हणतोय," अण्णा म्हणाले. पण ओठ सैल झाले होते. मग ते काहीतरी बोलायला गेले आणि थांबले.

"लक्षात आहे," वल्लरी म्हणाली. "कील."

पाणी उतरायच्या आत कील वर घ्यायला हवी, नाहीतर होडी त्या पात्यावर टेकून एका कुशीवर पडणार आणि फटीत चिखल बसून पातं जाम होणार. ती हँडल फिरवू लागली. ह्या खेपेला अण्णांनी आकडे मोजले नाहीत. तिनेच मनात मोजले आणि बेचाळिसाव्या फेऱ्याला खीळ घातली. मग सुकाणूचं पातं वर उचलून बांधलं. होडी आपल्याच नांगरावर बसून बुडाला भोक पाडून घेते असं अण्णांनी सांगितलं होतं, म्हणून नांगर कुठे आहेत ते दिसत राहावं यासाठी दोन्ही नांगरांना रिकामे डबे बांधून पाण्यावर सोडले होते. ते दोन्ही लांब, आपापल्या जागी डुलत होते.

मग करण्यासारखं काही राहिलं नाही. तिघांनी वल्लरीने आणलेली थालीपिठं खाल्ली. पाणी निघून जात राहिलं. आधी काठाची तिवरं उघडी पडली, मग त्यांची मुळं, मग काळाभोर गाळ. चारच्या सुमाराला होडीच्या पोटाखालून एक मऊ, दबका आवाज आला. होडी इकडे नाही, तिकडे नाही, सपाट बसली. कलल्याचं कळावं म्हणून अण्णांनी फळीवर पाण्याने भरलेला पेला ठेवला होता. त्यातलं पाणी हललंसुद्धा नाही.

अण्णांनी त्या पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलं नाही. वल्लरीला मात्र कुठे बघावं कळेना. आपण किती चांगली गोष्ट सोमवारी ट्रकवर चढवणार आहोत, हे तिला आज पहिल्यांदा नीट कळत होतं, आणि कळून उपयोग नव्हता.

"दाजी," ती म्हणाली, "एवढ्या रांगेत हीच जागा रिकामी कशी?"

"माझी हाय ती."

"म्हणजे तुमच्या होडीची?"

"होडी केतननं इकली. दोन सालं झाली." केतन दाजींचा मुलगा, भिवंडीच्या एका गोदामात सुपरवायझर होता. "त्याचं बी बरोबर हाय. घाण पान्यात मावरं ऱ्हायलं नाय. मी काय बोलनार."

आजच्या अमावास्येला बंदरात जागा बोलतात, असं त्यांनी सांगितलं. पाणी पार गेलं की गावची वडीलधारी माणसं चिखलातून चालत येतात आणि एकेका होडीशी थांबून विचारतात, कुणाची. होडीवरचं माणूस ज्या घराचं नाव घेईल, त्या घराची ती जागा पुढच्या वर्षीच्या ह्याच अमावास्येपर्यंत. कागद नाही, सही नाही. दोन सालं जागा रिकामी राहिली तर गाव सांभाळून घेतं. तिसऱ्या साली दुसऱ्याला देतं.

"आणि हे तिसरं?"

"तिसरं. गोपीनाथच्या पोराला पायजे हाय. चांगला पोरगा हाय तो."

"म्हणून तुम्ही आम्हाला इथे आणलंत?"

"नाय, बाय," दाजी म्हणाले. त्यांना राग आला नव्हता. "पाव्हन्याची होडी मोजीत नाय. माझ्या बापाची, त्याच्या बापाची जागा. जायच्या दिवशी तिच्यावर होडी बघावी वाटली, येवढंच."

एवढं बोलून ते कडेवरून पाय सोडून चिखलात उतरले आणि मागच्या नांगराचा दोर बघायला गेले. त्याची काही गरज नव्हती. अण्णा त्यांच्या पाठीकडे बराच वेळ बघत होते.

साडेपाचला माणसं आली. चौघंजण, एकामागून एक, चिखलावर टाकलेल्या फळ्यांवर पाय देत. पुढे रखमाबाई होत्या, गावात सगळ्यांत वयस्क, लुगड्याचा काचा मारलेल्या, हातात कुंकवाचा करंडा. त्यांच्यामागे गोपीनाथ आणि आणखी दोघं. पहिल्या होडीशी त्या थांबल्या. कुनाची? उत्तर आलं. त्यांनी होडीच्या तोंडाला कुंकू लावलं आणि पुढच्या होडीकडे वळल्या. ना गाणं, ना वाजंत्री. रेशनच्या रांगेत नाव पुकारावं इतक्या साधेपणाने चाललं होतं सगळं. गोपीनाथच्या निळ्या होडीवरचे तळव्यांचे ठसे बघून कुणीतरी हसलं.

मग त्या अण्णांच्या पांढऱ्या होडीशी आल्या. दाजी मागे, चिखलात गुडघाभर उभे होते. त्यांनी मान खाली घातली होती.

"कुनाची?" रखमाबाईंनी विचारलं.

पांढऱ्या होडीवर दोघंच होते. अण्णांनी तोंड उघडलं. अकरा वर्षं हा प्रश्न त्यांना कुणीही विचारला की उत्तर प्रश्न संपायच्या आत यायचं, जरा जास्तच मोठ्याने. आज ते आलं नाही. त्यांनी दाजींकडे पाहिलं. मग मांडीखालचे हात काढून गुडघ्यांवर ठेवले, थरथरत होते तसेच, आणि वल्लरीकडे बघून तोंड मिटलं.

वल्लरी उठून कडेला आली.

"दाजींची," ती म्हणाली.

चिखलातल्या चौघांनी माना वळवून दाजींकडे पाहिलं.

"दाजीनं ही असली होडी कवा घेतली?" गोपीनाथने विचारलं.

"तुला ईचारलं?" रखमाबाई म्हणाल्या. त्यांनी वल्लरीकडे नीट पाहिलं, तिच्या सोलवटलेल्या, निळ्या रंगाने माखलेल्या तळव्यांकडे पाहिलं. "पोरी, पुन्यांदा बोल. हितं बोललेलं मागं घेता येत नाय."

"दाजींची होडी आहे."

रखमाबाईंनी करंड्यात बोट बुडवलं. अण्णांनी घासून घासून आरशासारख्या केलेल्या पांढऱ्या रंगावर कुंकवाचं एक जाड बोट उमटलं, थोडं ओघळलं. त्या पुढच्या होडीकडे गेल्या. गोपीनाथ जाता जाता दाजींच्या खांद्यावर हात ठेवून गेला. त्याच्या पोराची जागा गेली होती, पण तोंड वाकडं करण्याचा दिवस नव्हता आणि माणूसही तसा नव्हता.

दाजी होडीच्या कडेला आले.

"हे काय केलंस, बाय?"

"आता रोज बघावं लागेल तुम्हाला," वल्लरी म्हणाली. "दोन्ही नांगर, दोर, सगळं. मला आठवड्यातून एकदाच जमेल. आणि कील मीच फिरवणार."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. शौनक होता. सोमवारी नऊला क्रेन लावतोय, जागा ट्रकला पुरेल ना, असं तो विचारत होता.

"शौनक, सॉरी," ती म्हणाली. "होडी नाही देता येणार."

"अहो, पण आपलं ठरलेलं ना? काही प्रॉब्लेम झालाय का?"

"प्रॉब्लेम नाही. ती आमची नाहीये."

मग तो बरंच काही बोलला आणि तिने ते सगळं ऐकून घेतलं, कारण त्याचं चुकलं काहीच नव्हतं. फोन ठेवल्यावर तिला एकदम भीती वाटली. अकरा वर्षं ज्याने एकेक फळी घासली त्याला न विचारता आपण दोन शब्दांत सगळं देऊन मोकळे झालो. तिने मागे वळून बघायचं धाडस करायला थोडा वेळ घेतला.

अण्णा कडेला येऊन बसले होते, दाजींच्या अगदी समोर. एकाचे पाय होडीत, दुसऱ्याचे चिखलात.

"दाजी," अण्णा घसा साफ करून म्हणाले, "पुढच्या अमावास्येआधी बुडाला एक हात रंग द्यावा म्हणतो. म्हणजे, तुमची हरकत नसेल तर."

दोन पावलं मागे सरून दाजींनी होडी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, जशी ती आजवर त्यांनी पाहिलीच नव्हती.

"कंचा रंग देनार?" त्यांनी विचारलं.